एक जूनची माणसं

पहाटे तोडलेल्या झेंडूला जो वास असतो, तो ऊन चढल्यावर राहत नाही. दवानं भिजलेला, किंचित कडू, बोटांना हिरवा चिकटून बसणारा तो गंध. आणि त्याच्या शेजारी नुकत्याच उघडलेल्या वर्तमानपत्राच्या शाईचा उग्र दर्प. हे दोन वास एकत्र आले की माझा दिवस उगवतो. सूर्य काय, तो मागाहून येतो. पंचवटीत आमची फुलांच्या पाट्या मांडायची ठरलेली जागा आहे. तिथं हे दोन वास इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसले, की आता नुसता झेंडू हुंगला तरी मला कुणीतरी मोठ्यानं वाचताना ऐकू येतं. कुणीतरी कशाला म्हणू? मथुरा. माझी बायको.

हार विकणाऱ्याला वर्तमानपत्र लागतं ते पुडे बांधायला. बातम्यांशी त्याला काय करायचंय? पण मथुराचा नेम होता, की आजचा पेपर 'दिनविशेष' वाचून झाल्याशिवाय फाडायचा नाही. गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं, काळ्या रामाच्या दर्शनाला निघालेल्या बाया "मावशी, आटपा की" म्हणून चुळबुळायच्या, आणि ही बाई एका हातानं केळीच्या सोपाच्या दोऱ्यात फूल गुंफत, दुसऱ्या हातानं पेपर दाबून धरून म्हणायची, "थांबा गं, देव कुठं पळून जातोय? आज काय काय झालं ते तर ऐका." ती सातवी शिकलेली, मी चौथीत शाळेला रामराम केलेला, म्हणून वाचायचं तिनं, ऐकायचं मी. आज मी जे चार जड शब्द लिहितोय ते तिनं कानात ओतलेले आहेत. माझे स्वतःचे शब्द सगळे खुरपं, पाटी आणि भाव यांच्या पलीकडं जात नाहीत.

दिनविशेष म्हणजे काय, तर याच तारखेला जगात मागं काय काय घडलं, त्याच्या पाच-सहा ओळी. कुणाला गादी मिळाली, कुणाची गेली, कुठं तह झाला, कुठं पूल बांधला, कोण जन्मलं, कोण वारलं. एकाच खुंटीवर शेकडो वर्षांची वस्त्रं टांगलेली! ज्या दिवशी एका मुलखात तोफा थंडावल्या, त्याच दिवशी कधीतरी दुसऱ्या मुलखात कुण्या शहाण्यानं आभाळातला नवा तारा पाहिला. यांचा एकमेकांशी संबंध काय? काहीच नाही. रामकुंडाजवळच्या धर्मशाळेत कसं, कुठले कुठले यात्रेकरू एका ओसरीवर पथारी टाकतात. कुणी बापाच्या अस्थी घेऊन आलेला, कुणी पोराचं जावळ काढायला. रात्रभर शेजारी झोपतात, सकाळी आपापल्या वाटेनं जातात. तारीख ही तशीच एक ओसरी आहे. दुःखाला आणि आनंदाला ती एकाच चटईवर जागा देते, आणि नाव-गाव विचारत नाही.

माणूस चंद्रावर उतरला ती तारीख आली, तेव्हा मथुरानं पेपरातून मान वर करून विचारलं, "अहो, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मी कुठं असणार? बैलाच्या शेपटामागं."

"म्हंजे दोघंबी ढेकळातच," ती म्हणाली आणि पुढची ओळ वाचायला लागली.

पेपरातलं संपलं की ती स्वतःचं जोडायची. त्याच सुरात, तेवढ्याच गांभीर्यानं. "आणि आजच्याच दिवशी आपली कपिला पहिल्यांदा व्याली. आजच्याच दिवशी दत्तानं पहिलं पाऊल टाकलं, ते नेमकं शेणाच्या पाटीत." हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. कुठं लिहिलेलं नाही, कुणाला सांगून ठेवलेलं नाही. आमच्या घराचा इतिहास ती केसांच्या अंबाड्यासारखा गुंडाळून डोक्यावर वागवत होती. राजे-महाराजे संपले की आमची कपिला उभी राहायची, आणि खरं सांगतो, ती काही कमी दिसायची नाही.

एका गोष्टीचं मला तेव्हाही कोडं होतं. तारखांवर एवढा जीव असलेल्या या बाईला स्वतःची तारीख नव्हती.

म्हणजे कागदावर होती. एक जून. माझीही एक जून. आमच्या पिढीतल्या खेड्यापाड्यांत जाऊन बघा, अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं सापडेल. त्याचं कारण शाळा. माझ्या बापानं मला दंडाला धरून शाळेत नेलं. गुरुजींनी माझा उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडायला लावला. बोट कानाला टेकलं, म्हणजे पोरगं शाळेच्या वयाचं झालं. मग विचारलं, "जन्म कधीचा?" बाप म्हणाला, "बाजरी काढायला आली होती बघा." गुरुजींनी बाजरीकडं दुर्लक्ष केलं आणि एक जून लिहून टाकलं. माझ्या मागं उभा असलेला भुईमुगाच्या शेंगांतला. त्याचंही एक जून. त्याच्या मागचा नागपंचमीचा. तोही एक जून. सगळी पिकं, सगळे सण, सगळे ऋतू गुरुजींच्या टाकाच्या एका फटकाऱ्यानं एका रांगेत आले!

त्याआधी आम्हाला जन्म नव्हता असं थोडंच आहे? नाशकात तर अजूनही म्हातारी माणसं वय सिंहस्थावर मोजतात. गोदामाईला पूर येऊन पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं, त्या दिवशीची आमची आत्या. आजी म्हणायची, "पाणी उतरलं तवा हिची नाळ कापली." आता सांगा, यापेक्षा पक्की नोंद कोणती? आकडा विसरता येतो. मारुतीच्या गळ्याशी आलेलं पाणी कोण विसरेल?

दर एक जूनला मथुरा दिनविशेष वाचायची. त्यात एक ओळ हमखास असायची, की पुण्याहून नगरला पहिली एस.टी. या दिवशी धावली. ती ओळ आली की ती वाचता वाचता गालात हसायची. मी विचारायचो, "हसायला काय झालं? गाडीच तर सुटली." ती म्हणायची, "काय नाय. तुम्ही पाकळ्या निवडा." आणखी एक. गिरणारे रस्त्यावरच्या आमच्या गावातून एस.टी.त चढताना ती पायरीला हात लावून तो कपाळाला लावायची. मी चिडवायचो, "देऊळ हाय का ते? कंडक्टर तीर्थ देणार हाय का?" कंडक्टरही हसायचे. ती चढून खिडकीजवळची जागा धरायची आणि पदरानं काच पुसायची. मला वाटायचं, बायकांच्या सवयी. माणूस आयुष्यभर शेजारी बसतं आणि त्याच्या हसण्याचं कारण आपण विचारून सोडून देतो. उत्तर घ्यायला थांबत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी झेंडूचा पहिला तोडा होता. पहिली पाटी भरून ती बांधावर टेकली. म्हणाली, "जरा पाणी आणा. माठातलं आणा, टाकीतलं नको, ते शिळंय." मी माठातलं आणलं. तेवढ्यात ती गेली होती. मांडीवर फुलं, बोटं हिरवी, आणि तोंडावर असा भाव की आता कुणी काही बोलू नका, मी ऐकतेय. मी तांब्या घेऊन उभा राहिलो. पाणी कुणाला द्यायचं, तेच कळेना. शेवटी झेंडूच्या बुडात ओतलं.

त्यानंतर पेपर येत राहिला. मी तो न वाचता फाडायला लागलो.

यंदाचा एक जून आला. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांचा पारावर कट्टा आहे. त्या दिवशी सगळ्यांचा मिळून एक केक कापतात. केकवर नाव लिहायची सोय नसते, कोणाकोणाची लिहिणार? मेणबत्ती एक, फुंकणारे पाराभर. नाना हा कट्ट्याचा पुढारी. तो दरवर्षीचा विनोद करतो, "काय रे, एका दिवसात एवढी पोरं? सुईण कोण होती आपली?" आणि सगळे बोळक्या तोंडांनी ओरडतात, "गुरुजी!" मीही दरवर्षी ओरडायचो. यंदा मी मेणबत्तीकडं बघत राहिलो. नानानं केकचा तुकडा माझ्या हातात ठेवला आणि दुसरा कागदात गुंडाळून खिशात घातला. "वहिनीचा," म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली. तो तुकडा मी घरी आणला, आणि काय करावं न कळून फोटोपुढं ठेवला. फोटोतली बाई केककडं बघत होती, आणि तिला माहीत होतं की आज तिचा वाढदिवस नाही.

तेव्हाच दत्ताचं ठरलं होतं, की आईच्या स्मरणार्थ गावच्या बस थांब्यावर सिमेंटचा बाक द्यायचा. दत्ता माझा थोरला, सातपूरला कारखान्यात आहे. चांगला मुलगा आहे, पण त्याला सगळं वेळेत लागतं. त्यानं बाकावरचा मजकूर मोबाईलवर दाखवला. कैलासवासी मथुराबाई, जन्म एक जून, आणि पुढं ती गेली ती तारीख.

मी म्हटलं, "हे खोटं हाय."

"आबा, आधार कार्डावर हेच आहे."

"आधार कार्ड तिच्या बाळंतपणाला हजर होतं का?"

"मग खरी तारीख सांगा. मी तीच टाकतो."

खरी तारीख? जिला कपिलेच्या व्याण्याची तारीख ठाऊक होती, तिच्या येण्याची तारीख या घरात कुणालाच ठाऊक नव्हती! राहून राहून मला वाटायला लागलं, की बाकावर ही खोटी तारीख सिमेंटमध्ये पक्की झाली, तर ती खरंच नाहीशी होईल. राख गोदावरीत गेली, त्याला इलाज नव्हता. पण पावसाउन्हात टिकणारी तिची एकच खूण, आणि तिच्यावर गुरुजींनी केलेली बेरीज? मला ते गिळेना. दत्ताला म्हटलं, "बाक थांबव. मी कळवणला जाऊन येतो."

कळवणच्या पुढं तिचं माहेर. तिथं तिची थोरली बहीण आहे, आम्ही तिला आक्का म्हणतो. कानानं कमी, तोंडानं भरपूर. दिंडोरी, वणी करत एस.टी. निघाली. चढताना माझा हात आपोआप पायरीला लागला. कपाळाला लावायला मात्र लाज वाटली, खिशात घातला. उजाड डोंगरांच्या माथ्यावर ऊन बसलं होतं आणि शेजारची खिडकीची जागा मी उगीचच मोकळी ठेवली होती. वणीला एक पोरगी येऊन तिथं बसली, आणि मला बरंच वाटलं.

आक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी ओरडून विचारलं, "आक्का, मथुराचा जन्म कधीचा?"

"मथीना?" तिनं सूप खाली ठेवलं. "अहो पाव्हणं, गावमा पहिली यस्टी उनी, त्याच रोजनी मथी. माले ठाऊक शे."

गावात पहिली एस.टी. आली, त्याच दिवशीची! मी सूप बाजूला सारून ओट्यावर टेकलो. आक्का मात्र सुटली. होळी जवळ आलेली, पोरी गोवऱ्या गोळा करत हिंडत होत्या, तोच लांबून धुरळा दिसला. गोवऱ्या टाकून सगळ्या पळाल्या. गाडी आली तशी गावानं तिला ओवाळलं, चाकापुढं नारळ फोडला, ड्रायव्हरला मारुतीच्या पारावर बसवून जेवू घातलं. त्या दिवसांत कुठल्या मळ्यात फूल नव्हतं, म्हणून पोरांनी पळसाची फुलं ओरबाडून आणून गाडीच्या तोंडाला बांधली. "लाल गाडी, वर लाल फुलं. जशी नवरी." आणि इकडं घरात आईच्या कळा सुरू झालेल्या. सुईणीला बोलवायला गेले, तर सुईण कुठं?

"कुठं?" मी विचारलं.

"यस्टीत बसेल! कोणी उतरवलं तर उतरंना. ती येस्तोवर मथी आपली आपण येऊन मोकळी."

आक्का तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. पुढं म्हणाली, की लहानपणी मथी कुठं गेली की पोरं ओरडायची, "बाजू व्हा, यस्टी आली!" ती रडायची, दगड मारायची. लग्न ठरलं तेव्हा आक्काला शपथ घातली होती, सासरी कुणाला सांगू नको म्हणून.

मग दर एक जूनला ती गालात हसायची ते याला! पायरीला हात लावायची ते याला! संसारभर ती माझ्या शेजारी बसून आपली जन्मकथा पेपरात वाचत होती, दुसऱ्या गावाच्या, दुसऱ्या गाडीच्या नावानं. आणि मी पाकळ्या निवडत होतो. मला राग आला नाही. उलट वाटलं, बरं झालं. मेल्यानंतरही बायकोनं नवऱ्याला एखादी नवी गोष्ट सांगावी, यापरतं भाग्य कोणतं?

पळस म्हटल्यावर महिना माझा मलाच कळला. फुलवाल्याला पंचांग कशाला लागतं? पळस फाल्गुनात पेटतो, होळीच्या आधी, झाडावर एक पान नसताना. उघड्या फांदीवर नुसती आग. तशी ती आली होती, सुईणीची वाट न बघता. तारीख मात्र आक्कालाही सांगता आली नाही. आणि परतीच्या गाडीत माझ्या ध्यानात आलं, की मला ती आता नकोच होती.

आडगाव नाक्यापुढं बाक करणाऱ्याचा कारखाना आहे. मी मजकूर सांगितला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, असं कुणी लिहितं का? तारखा टाका. लोकं हसतील."

"हसू दे. ती हसरीच होती."

"अक्षरं मावायची नाहीत पण."

"वरचं 'कैलासवासी' काढ. जागा होईल."

त्यानं ते काढलं, आणि माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. नुसतं मथुराबाई. जशी घरात होती तशी.

दत्ता चिडला. गाव काय म्हणेल, पाव्हणे काय म्हणतील, असं बराच वेळ चाललं. मी त्याला त्याच्या आईची गोष्ट सांगितली. सुईण एस.टी.त बसली इथवर आलो, तेव्हा त्याला हसू आवरेना, आणि मग हसू कुठं संपलं आणि रडू कुठं सुरू झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता. कामं होती त्याला. माणसं जेवू घालायची होती.

यंदाही दसऱ्याच्या आधी झेंडू तयार झाला. आजच पहिला तोडा केला. श्राद्ध तिथीला व्हायचं ते होईल, भटजी सांगतील तसं. माझं वर्ष आज सरलं. पाट्या घेऊन पहाटे थांब्यावर आलो, तर बाकावर आमच्या गावातली एक म्हातारी बसलेली, सुनेकडं निघालेली. तिला वाचता येत नाही. शेजारी कॉलेजची पोरगी उभी होती, तिला म्हणाली, "बाय, हे काय लिवलंय गं? मी रोज यावर बसते."

पोरीनं वाचलं : "मथुराबाई. जन्म : माहेरी पहिली एस.टी. आली त्या दिवशी. गेली : सासरी झेंडूच्या पहिल्या तोड्याला."

पोरगी हसली नाही. परत एकदा वाचलं तिनं, मनात. म्हातारी मात्र लुगडं सावरत, कुणीतरी आपलं नाव पुकारल्यासारखी ताठ झाली आणि म्हणाली, "मी बी तसलीच. आमच्याकडं पहिल्यांदा वीज आली ना, दिवा लागला, त्या दिवशीची मी. कागदावर एक जून हाय." आणि माझ्याकडं वळून, "मला वाटायचं, हे सांगायचं नसतं."

"सांगायचं," मी म्हटलं. "बसा अजून. गाडीला टाइम हाय."

गाडी आली. चढताना मी पायरीला हात लावला आणि या वेळी कपाळालाही लावला. कंडक्टर हसला, हसू दे. पंचवटीत पाट्या उतरवल्या. झेंडू अजून ओला होता, पेपर नुकताच आला होता. पुडे बांधायला तो फाडणार, तोच हात थांबला. चष्मा लावला आणि अक्षराला अक्षर जोडत, अडखळत, मोठ्यानं वाचायला लागलो. कुठला तरी तह, कुठलं तरी धरण, कुणी थोर माणूस जन्मलेला. हाराला थांबलेली बाई म्हणाली, "आजोबा, आटपा की."

"थांब बाई," मी म्हटलं, "देव कुठं पळून जातोय? एक ओळ राहिली."

ती ओळ पेपरात नव्हती. मी ती वाचली, आणि मग फुलं गुंडाळून दिली.